न फुंकलेली पत्ती

रविवार, ९ नोव्हेंबर २०२५

सकाळी १५२/९४.

डॉक्टरांनी बीपीचा रोजचा आकडा लिहायला सांगितला आहे. आमचा मुलगा संतोष वारज्याहून आला तेव्हा त्याच्या कंपनीची ही डायरी देऊन गेला. पान एवढं मोठं आणि आकडा एवढासा. उरलेली जागा मोकळी सोडायला जिवावर येतं, म्हणून लिहितो. माझी शाळा सहावीपर्यंत. चुका होतील. वाचणारं कुणी नाही, ते एक बरं.

आमच्या वरच्या खोलीत जूनपासून नम्रता नावाची मुलगी भाड्याने राहते. अकोल्याची. मगरपट्ट्यात कॉम्प्युटरचं काम करते आणि सुट्टीच्या दिवशी एक काळं वाद्य वाजवते. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुणीतरी सर्दी झालेल्या सनईवाल्याला घरात घेतलं. त्याला ओबो म्हणतात. सनईसारखंच लाकडी, पण अंगावर चांदीच्या बटणांची गर्दी. तोंडाशी मात्र दोन पात्यांची पत्ती, थेट आमच्यासारखी. ती पत्ती पाहिली आणि मला उगीच घाम फुटला. अकरा वर्षं मी पत्तीला हात लावलेला नाही.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

१४८/९०.

आमच्या हिने, म्हणजे दुर्गाबाईने, नम्रताला सांगून टाकलं की मी सनईवाला होतो. नम्रता लगेच खाली आली.

"आबा, तुम्ही सनई वाजवायचे? मले सांगितलं काहून नाही?"

"सनई माझा थोरला भाऊ गेनबा वाजवायचा," मी म्हणालो. "मी नुसता सूर धरायचो. तो राग वाजवणार, आणि मी मागे बसून दुसऱ्या सनईवर एकच सूर. चाळीस वर्षं."

"एकच सूर?"

आतून दुर्गाबाई म्हणाली, "घरातही तोच धरून बसतात."

नम्रता हसली. म्हणाली, तिच्या वाद्यवृंदात चाळीस माणसं आहेत, सगळी हौशी. कार्यक्रम सात डिसेंबरला. सुरुवातीला ओबोने एक लांब सूर द्यायचा, त्याला ते 'ए' म्हणतात. त्या सुरावर बाकीचे एकोणचाळीस जण आपापली वाद्यं मिळवून घेतात. तिचा तो सूर थरथरतो. आणि मधे एका संथ भागात ओबोला एकट्याने वाजवायचं आहे, जेमतेम एक मिनिट. शिकवणारे रणजित सर म्हणतात, "सुरात आहेस, तालात आहेस, पण कुणाशी बोलत नाहीस." तीस तारखेच्या तालमीपर्यंत जमलं नाही तर तो भाग बासरीवाल्याला जाणार.

"गेला तर जाऊ दे," मी म्हणालो. धीर द्यायला म्हणालो होतो. तिचं तोंड उतरलं. मला बोलता येत नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

१५०/९२.

नम्रता मामेबहिणीच्या लग्नाला अकोल्याला गेली, मंगळवारी येईल. वरच्या खोलीला रंग लावायचा आहे, म्हणून ओबोची पेटी आमच्या कपाटात ठेवली. पत्त्यांची डबी उघडून दाखवली. तीन होत्या. दोन जुन्या, दमलेल्या. तिसरी नवी. "ही एकच कामाची आहे, आबा. बाहेरून मागवते. यायला दीड महिना लागतो."

दुसऱ्याची वस्तू घरात आली की मला झोप लागत नाही. पाल शिरली तर? दोनदा उठून कपाट बघितलं.

रविवार, १६ नोव्हेंबर

आकडा घेतला नाही.

माझ्या हातून एक गोष्ट झाली आहे. लिहू की नको असं सकाळपासून चाललं आहे.

मी डबी उघडली. पाल बघायलाच उघडली. नवी पत्ती खिडकीशी उजेडात धरली. आमच्यात पत्ती पारखायची रीत अशी की उजेड दोन्ही पात्यांतून सारखा दिसला पाहिजे. हिच्या मधोमध जाड रेघ होती, दाट सावलीसारखी. मला वाटलं, तासणाऱ्याने आळस केला. म्हणूनच पोरीचा सूर थरथरतो. माझा पातळ सुरा अजून ट्रंकेत आहे. मी दोन्ही बाजूंनी ती रेघ हळूहळू तासून काढली. हात थरथरला नाही. बऱ्याच दिवसांनी हात थरथरला नाही, याचा आनंदच झाला मला. उजेड सगळीकडे सारखा दिसेपर्यंत तासलं.

फुंकून बघितली नाही. दुसऱ्याच्या तोंडची पत्ती आपल्या तोंडाला लावायची नाही, हे गेनबाने मला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. ती रीत मी कधी मोडली नाही. अंगठ्याने दाबून बघितली, तेव्हा दोन्ही पाती एकमेकांना चिकटून बसली. उघडेनात. वाळली की उघडतील.

संध्याकाळपर्यंत उघडलेली नाहीत.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

१६४/९८.

नम्रता आली. पेटी घेऊन वर गेली. मी खाली देवासमोर बसलो होतो, पण कान वर. आवाज आला तो शेळीचा. मग काहीच नाही. मग पुन्हा शेळी.

ती खाली आली. पत्ती तिच्या हातात होती. आमच्या ट्यूबलाइटसमोर तिने ती बराच वेळ धरली. मग माझ्याकडे बघितलं, मग ट्रंकेकडे. ट्रंकेवर सुरा तसाच पडला होता, मी ठेवायला विसरलो होतो.

"आबा," ती म्हणाली, "अकोल्याला कोरडी हवा, इथे वेगळी. हवा बदलली की पत्त्या बिघडतात."

पत्ती तर इथेच होती, अकोल्याला नम्रता गेली होती. पण घाईत तिच्या लक्षात आलं नसावं. मी म्हणालो, "हवा फार वाईट आहे हल्ली."

"हो ना," ती म्हणाली.

सुटलो. पण जेवण गेलं नाही. दुर्गाबाईने ताट उचलताना विचारलं, "हवा बाधली वाटतं?"

गुरुवार, २० नोव्हेंबर

१५८/९६.

कुणाला तरी सांगणं भाग होतं. बसने बुधवार पेठेत गेलो, चांदभाईकडे. तो हार्मोनियम दुरुस्त करतो. गेनबाच्या वेळेपासूनची ओळख. भात्याला चामडं चिकटवत होता. मी सगळं सांगितलं. त्याने वर न बघता विचारलं, "फुंकून बघितली होती?"

"दुसऱ्याची पत्ती तोंडाला कशी लावणार?"

"मग हातही लावायचा नव्हता."

थोड्या वेळाने त्याने चहा मागवला. म्हणाला, "आता एक कर. बिघडवली तशी बनव."

"मला त्या वाद्याची बनवता येत नाही."

"बिघडवता आली ना? अर्धं काम येतं तुला."

चांदभाईचं बोलणं असंच. येताना पेठेतून चिवट दोऱ्याचं रीळ घेतलं. लाल मिळालं.

शनिवार, २२ नोव्हेंबर

१५० आणि खालचा बघायचा राहिला.

मी नम्रताला म्हणालो, नव्या पत्तीचं काय करायचं ते बघू या का, मला बांधणी येते. नुसतं सहज म्हणालो. ती धावत वर गेली आणि एक पुडी घेऊन आली. बोरूच्या तयार कांड्या, दोन वर्षांपासून तशाच. बांधायचा प्रयत्न केला होता, म्हणे, दर वेळी दोरा सुटला. जुन्या मेलेल्या पत्त्यांच्या पितळी नळ्याही तिने जपून ठेवल्या होत्या.

कांडी भिजवायची, मधोमध दुमडायची, नळीवर दोऱ्याने बांधायची, मग टोक कापून दोन पाती मोकळी करायची. आमच्याहून वेगळं आहे, पण फार वेगळं नाही. दोरा हाताला ओळखीचा वाटला.

तासायला बसलो तेव्हा ती माझ्या शेजारी बसली. पातं उजेडात धरून म्हणाली, "आबा, या पत्तीच्या मधे एक कणा ठेवायचा असतो. सावलीसारखा दिसतो. नवीन माणसाला वाटतं, तासायचं राहून गेलं. कुणालाही वाटेल. पण तो काढला की पत्ती मिटते."

ती हे सगळं माझ्याकडे न बघता सांगत होती. चांगली शिकवते. मी मान डोलावली, जणू मला हे आत्ताच कळलं. माझे कान तापले होते, पण तिला दिसलं नसावं.

पहिल्या दोन फुकट गेल्या.

रविवार, २३ नोव्हेंबर

१४४/८८.

तिसरीही गेली. चौथी दिसायला बरी झाली. मी ती नम्रतापुढे केली. ती म्हणाली, "तुम्ही फुंका."

मी म्हणालो, ते होणे नाही. माझी कवळी आहे. आणि पत्ती तुझी आहे.

"अजून कुणाच्या तोंडाला लागलेली नाही, आबा. अजून कुणाचीच नाही. बनवणाऱ्याने आधी फुंकायची."

गेनबाच्या रीतीतही हे बसत होतं. पत्ती भिजवली, ओठात धरली. अकरा वर्षं. मला वाटलं, श्वासच येणार नाही. आणि एकदम घरभर कावळा ओरडावा तसा आवाज झाला.

नम्रताने टाळ्या वाजवल्या. "असाच पाहिजे! नुसती पत्ती अशीच ओरडली पाहिजे!"

स्वयंपाकघरातून दुर्गाबाई म्हणाली, "पितृपक्ष होऊन गेला की. आता कावळा कशाला बोलावताय?"

पण तिचाही आवाज जरा वेगळा होता. कांदा चिरत असावी.

पत्ती कुठे अडते ते ओठांना लगेच कळलं. डाव्या बाजूला, टोकाशी, केसभर. डोळ्यांना दिसत नव्हतं. तासली, फुंकली, पुन्हा तासली. मग गरम पाण्यात दोनदा धुऊन तिला दिली. तिने ओबोला लावून एक सूर काढला. मी उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसलो.

बुधवार, २६ नोव्हेंबर

१४६/९०.

पत्ती चांगली आहे, आणि सूर अजून थरथरतो. म्हणजे पत्तीचा दोष नव्हता. म्हणजे मी ती चांगली पत्ती उगीचच... जाऊ दे.

आज तिला समोर बसवून बघितलं. सूर काढायच्या आधी ती छाती भरून श्वास घेते. ओबोचं तोंड सनईहूनही बारीक. त्यातून हवा जाते किती? आतली संपत नाही आणि नवीन घेता येत नाही. माणूस श्वास उरून गुदमरतो. मी म्हणालो, "आधी सोड. सगळा सोड. मग लागेल तेवढाच घे."

"सूर काढायच्या आधी श्वास सोडायचा?"

"सूर काढायचा नसतोच. तो चालू असतो, आपण त्यात शिरायचं."

हे मी म्हणालो खरा, पण कुठून आलं माहीत नाही. गेनबा म्हणायचा बहुतेक. तिने केलं. दहा-बारा वेळा केलं. शेवटच्या दोन वेळा तिच्या फोनवरचा सूर मोजणारा हिरवा दिवा हलला नाही.

मग तिने विचारलं, "एकच सूर धरायला कंटाळा नाही आला, आबा?"

मी तिला खरं सांगितलं. कंटाळा नाही, भीती वाटायची. गेनबा वर कुठेही फिरून यायचा, कारण परत यायला माझा सूर जागेवर असायचा. एकदाच तुटला. धनकवडीला एका लग्नात. पाठवणी चालली होती, मला खोकला आला आणि सूर तुटला. गेनबा थांबला, माझ्याकडे बघितलं, काही बोलला नाही. पुढच्याच महिन्यात तो गेला. हार्टने गेला, डॉक्टरांनी तसंच लिहून दिलं आहे. पण मी पुन्हा सनई हातात घेतली नाही.

ती म्हणाली, "म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही 'ए' देत होते."

मी म्हणालो, "आमच्यात त्याला सा म्हणतात."

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

१४२/८८.

आज तिने तो एकटीने वाजवायचा भाग ऐकवला. स्वच्छ. एकही ओरखडा नाही. आणि तरी रणजित सरांचं म्हणणं मला कळलं. धुतलेल्या भांड्यांसारखं वाटलं.

मला परदेशी संगीत कळत नाही, म्हणून मी फक्त गेनबाचं सांगितलं. पाठवणीला तो कधी सगळ्या मांडवासाठी वाजवायचा नाही. एक माणूस निवडायचा. नवरीच्या आईला नाही, तिच्याकडे सगळेच बघत असतात. कुणीतरी कडेला उभा, चपलांपाशी, हात मागे बांधलेला चुलता. त्याच्याकडे बघून वाजवायचा. सूर तेच, पण एखादा जरा जास्त थांबवायचा, तो चुलता खाली बघेपर्यंत. मग सगळा मांडव रडायचा.

"एकालाच बघायचं?"

"एकालाच. सगळ्यांना बघितलं की कुणालाच बघितलं नाही."

ती "बरं" म्हणाली. सांगायला नको होतं की काय असं नंतर वाटलं. त्यांच्यात थांबवलेलं चालत नसेल. उद्या तिचा भाग गेला तर माझ्यामुळेच जाईल. आधी पत्ती, आता हे.

रविवार, ३० नोव्हेंबर

सकाळी १६०/९६. संध्याकाळी १४०/८६.

आज तालीम होती. पाच वाजेपर्यंत चार वेळा फाटकापर्यंत जाऊन आलो. नम्रता आली ती रिक्षातून उतरायच्या आधीच ओरडली, "आबा, भाग माझ्याकडेच आहे!"

रणजित सर काय म्हणाले विचारलं. काही म्हणाले नाहीत, म्हणे. हातातली खुणेची काठी खाली ठेवून चष्मा पुसत होते. मग म्हणाले, पुढे चला.

"सूर?"

"नाही हलला."

दुर्गाबाईने शिरा केला. मला अर्धी वाटी.

गुरुवार, ४ डिसेंबर

१५० वर. कारण पुढे लिहितो.

खोटं पोटात ठेवून कार्यक्रमाला जायचं मला पटेना. वर गेलो. नम्रता पेटी पुसत होती. मी दारातूनच म्हणालो, "ती नवी पत्ती होती ना, बाहेरची. ती हवेने बिघडली नव्हती. मी..."

"कोणती पत्ती, आबा?"

"ती... तू अकोल्याला गेली होतीस तेव्हाची."

"मला नाही बाई आठवत," ती म्हणाली. "बसा ना, चहा टाकते."

आता काय बोलणार? जी गोष्ट तिच्या लक्षातच नाही ती उकरून काय उपयोग? हल्लीच्या मुलांचं असंच, पंधरा दिवसांपूर्वीचं आठवत नाही. मी चहा घेतला. पेटीच्या कडीला लाल दोऱ्याने एक पत्ती लोंबत होती, आम्ही सनईला जादा पत्त्या टांगतो तशी. जवळून बघितली तर मधला कणा नसलेली, मिटलेली. टाकून द्यायची सोडून मुलीने ती का टांगली, कळलं नाही. विचारलं नाही. चुकून आठवायचं तिला.

खाली येऊन दुर्गाबाईला सांगितलं, "ती विसरली."

"हो का," दुर्गाबाई म्हणाली. "तुमचा चष्मा एकदा बदलून घ्या."

डोळ्यांची तपासणी मार्चमध्येच झाली आहे. पण तिच्याशी वाद नको.

सोमवार, ८ डिसेंबर

१३२/८४. डॉक्टरांचा विश्वास बसणार नाही.

काल कार्यक्रम झाला. सभागृह लहानच, पण गच्च. नम्रताने पुढच्या रांगेतल्या दोन जागा ठेवल्या होत्या. मीच म्हणालो, पुढे नको, मला खोकला आला तर? दुर्गाबाई काहीतरी पुटपुटली, पण माझ्याबरोबर अगदी शेवटच्या रांगेत आली. खिशात खडीसाखर होती.

चाळीस जण येऊन बसले. खुर्च्या सरकल्या, कागद वाजले. व्हायोलिनच्या मागे मधोमध नम्रता, काळा पोशाख, कपाळावर बारीक टिकली. कुणीतरी तिला मान हलवून खूण केली. तिने ओबो उचलला. तिचे खांदे खाली गेलेले मला इतक्या लांबून दिसले. सगळा श्वास सोडला तिने. मग सूर आला.

एकच सूर. बारीक, सरळ, जागचा न हलणारा. त्या पत्तीवरचा लाल दोरा मी बांधला आहे, हे त्या सभागृहात आम्हा तिघांनाच माहीत होतं. आधी एका व्हायोलिनने तो उचलला, मग सगळ्यांनी, मग बासऱ्या, मग पितळी वाद्यं. सगळे मिळवत होते, खालीवर करत होते, आणि ती धरून होती. तेव्हा मला कळलं की मी चाळीस वर्षं मागे बसून काय करत होतो. म्हणजे, नीट कळलं असं नाही. पण खडीसाखर तोंडात टाकायची राहून गेली.

लोकांनी यावर टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांना वाटलं असेल, अजून सुरू व्हायचं आहे.

मग पुष्कळ काही वाजलं, त्यातलं मला थोडं कळलं. तो संथ भाग आला तेव्हा बाकीचे हळू होत होत थांबले. नम्रताने मान वर केली. समोर कागद होता, पण ती कागदाकडे बघत नव्हती. तेच सूर, जे मी जिन्याखाली बसून पंधरा दिवस ऐकले होते. पण मधे एका ठिकाणी ती थांबली. सूर तोच, थोडा जास्त धरला. रणजित सरांचा हातही तिच्यासाठी हवेत थांबला. मला एकाएकी धनकवडीचा मांडव आठवला, गेनबाने माझ्याकडे बघितलं होतं ते आठवलं. अकरा वर्षं मला वाटत होतं तो रागावून बघत होता. काल वाटलं, तो नुसता वाट बघत असेल, माझा खोकला थांबायची. मी खाली बघितलं. चष्मा पुसायचा होता. तेव्हा कुठे तिने तो सूर सोडला आणि पुढचा घेतला.

शेजारी दुर्गाबाईने माझ्या हातावर हात ठेवला होता. लोकांत ती असं करत नाही.

माझं सांगणं तिने ऐकलं, एक माणूस निवडला, याचं समाधान वाटलं. पण निवडला कोण? ती सारखी मागच्या बाजूला बघत होती. तिच्या घरचं कुणी अकोल्याहून आलं असेल आणि जागा नाही म्हणून मागे उभं असेल, असं वाटून मी वळून बघितलं.

आमच्या मागे कुणी नव्हतं. भिंत होती.